सराव: एकतीस वर्षं

संकेश्वर मागं पडलं की बसमध्ये
मी वही उघडून स्नायू पाठ करते.
एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस, लाँगस, मग ब्रेव्हिस,
खिडकीबाहेर यमकनमर्डीची पाटी, कानडीत,
आणि पुन्हा स्नायू, लॅटिनमध्ये.
शेजारची बाई विचारते, नर्सिंग काय गं?
मी म्हणते, नाही, शरीराच्या हालचालींचा अभ्यास. एम.एस्सी.
ती म्हणते, हां, म्हणजे पीटी.

म्हणजे पीटी. असूदे.

बेळगावात हिरेमठ सर शिकवतात इंग्रजीत,
चिडतात कानडीत,
आणि खरंच काही समजवायचं असलं की मराठीत उतरतात.
एकदा फळ्यावर हात काढून म्हणाले,
मणिबंध, मणिकट्टु, मनगट, रिस्ट.
शेवटचं सोडून बाकीच्यांनी
एकाच सोनाराकडं बांगड्या केलेल्या दिसतात.

माझा प्रबंध कबड्डीपटूंच्या उभ्या उडीवर.
तीस पोरं, भिंतीला खडू लावून उडतात.
बसलिंगची खूण सगळ्यात वर,
तो खाली येताना गुडघा आत वळवतो.
मी सांगते, तो हसतो,
पुन्हा उडतो, पुन्हा तसाच.

शनिवारी निपाणीला जाताना
कोनमापक पिशवीत टाकला. सही करून, उसना.

शेवंताआत्ती उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन.
ओल्या फडक्यात पानं, कात्री, जर्दा, दोऱ्याची रिळं.
ह्यानं काय मोजतीस गं? कंपासपेटीतलं न्हवं हे?
मी म्हटलं, हात दे.
थांब, एवढा कट्टा होऊदे.
पंचवीस झाल्या, बांधल्या, मग तिनं हात दिला,
डॉक्टरला देतात तसा नाही,
बांगड्या भरायला देतात तसा.

तळवा मागं: एकोणचाळीस अंश. पुस्तकात सत्तर.
मूठ: तेरा किलो.
दुखतं का?
दुखतंय की. रात्री. दिवसा कुठं सवड हाय?

सरांच्या तक्त्यात रकाने ठरलेले.
वय: बावन्न.
खेळ: (इथं पेन थांबलं, रेघ मारली)
सराव किती वर्षांचा: एकतीस.
दिवसाला हजार, वर्षाचे तीनशे दिवस धरून
मी बोटांवर नाही, मोबाईलवर गुणाकार केला
आणि तिला दाखवला. त्र्याण्णव लाख.
ती म्हणाली, छाट धरून का सोडून?

मला छाट माहीत नव्हती.
मुकादम ज्या फेकतो त्या.
फेकतो म्हणजे, वेगळ्या ठेवतो. त्याचे पैसे नाहीत.
छाटीलाही मनगट तेवढंच वळतं
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

सोमवारी सरांनी कागद बघितला.
नमुना एकच आहे, म्हणाले, आणि ही खेळाडू नव्हे.
बरोबरच होतं त्यांचं.
कागद मात्र परत दिला नाही,
चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.

पुढच्या शनिवारी मी सूप मागून घेतलं.
हालचाल आतून समजली पाहिजे, मी म्हटलं.
हं, समजून घे, म्हणाली,
आणि भिंतीला टेकून पाय लांब केले,
मला वाटतं, माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

पान फाटतं. जर्दा सांडतो.
दोरा बोटाला गुंडाळतो, विडीला नाही.
कुठला स्नायू आधी आखडतो हे मला तोंडपाठ,
आणि अंगठ्याला ते कुणी सांगितलेलंच नाही.
पलीकडच्या रुक्सानाचाची, गंगव्वा, दोघी कामं घेऊन आल्या,
न बघता वळत, मला बघत.
गंगव्वा कानडीत काहीतरी म्हणाली,
सगळ्या हसल्या, मीसुद्धा, अर्धं कळून.

तासाभरात अकरा.
आत्तीनं एकेक चिमटीत फिरवली,
कानाशी नेली, दोन सुपात ठेवल्या,
नऊ बाजूला.
मग माझंच मनगट धरून म्हणाली,
आता हिचं मोज.

मोजलं.
तळवा मागं: बहात्तर अंश. उत्तम.
मूठ: एकतीस किलो.
वय: चोवीस.
सराव: एक तास.
खेळ: रेघ मारली.
व्यवसायाच्या रकान्यात
आत्तीच्या रेशनकार्डावर कुणीतरी लिहिलेला शब्द
मी माझ्यापुढं उतरवला:
अकुशल.