हरवले-सापडले

कुह्मोच्या वाचनालयामागची माझी खोली:
एक हीटर, चार पेचकस,
आणि यंत्र बिघडलेल्या माणसांसाठी एक खुर्ची.
पिईराइनेन तीत बसले नाहीत.
टॉवेलातून लॅपटॉप काढला.
"उठतो," म्हणाले, "पण शुद्धीवर येत नाही."

आधी नक्कल. पूर्ण डिस्कची, बिट न् बिट.
मूळ प्रतीला हात लावायचा नाही,
हा माझा एकच धर्म,
तोही कुणाच्या तरी लग्नाचे फोटो घालवल्यावर स्वीकारलेला.

मग एकेक संशयित.
डिस्क धडधाकट, एकही सेक्टर खराब नाही.
मेमरी रात्रभर तपासली, सकाळी चुका शून्य.
केबल बदलून पाहिली.
बॅटरी म्हातारी, पण प्रामाणिक.
घड्याळसुद्धा अगदी बरोबर.
आणि तरी एका फोटोत वर हॉकीची हेल्मेटं,
खाली नुसता करडा पट्टा,
आणि त्या पट्ट्याच्या जागी, खोल डिस्कवर,
लाम्मासयार्वी तळ्याच्या बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.
एका जमिनीचे दोन सातबारे.

"हॉकी कोण खेळतं?"
"यालो. नातू. पण त्याचा काय संबंध?
तो मांजराला खायला घालायला यायचा फक्त."

लॉग मागे मागे वाचत गेले.
चौदा नोव्हेंबर, रात्री दहा वाजून बारा:
यंत्राने मनातलं सगळं डिस्कवर उतरवलं,
कुठली फाइल कुठे, कुठली जागा मोकळी,
आणि गाढ झोपलं.
दुसऱ्या दिवशी पिईराइनेन काजानीला, खुब्याच्या ऑपरेशनला.
एकोणीस जानेवारीला दोघं परत जागे.
मधले सहासष्ट दिवस
कुणीतरी दुसऱ्या दाराने आत येत होतं,
पासवर्ड माहीत नसल्यामुळे
स्वतःची सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन.

यालोला फोन केला. पंधरा वर्षांचा.
बराच वेळ नुसता श्वास.
"आजोबांची एकतीस वर्षांची नोंद आहे," म्हणाला,
"एक दिवस चुकलेला नाही.
म्हटलं, तुटायला नको.
मी मोडलं का?"

मोडलं तसं कुणीच नाही, कसं सांगू.
दोघांनीही खरंच लिहिलं होतं.
यंत्र उठलं आणि त्याने विचारलंच नाही
की मी नसताना काय झालं.
चौदा तारखेला जी जागा मोकळी होती
ती मोकळीच असणार, असं धरून
पोराच्या डिसेंबरवर लिहीत सुटलं.

पिईराइनेन यांनी कानटोपी वर केली.
कपाळावर पिवळट पडलेलं टेंगूळ.
"वॉकरला वाट हवी म्हणून कपाट हलवलं होतं त्यांनी.
मी अंधारात उठलो, नेहमीसारखा."

साठवलेली ती झोप आधी पुसली.
मग तपासणी चालवली, नक्कलेवरच.
शेवटी एका फोल्डरमध्ये चारशे बारा फाइली,
नाव एकीलाही नाही, नुसते आकडे,
एसटीत विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठी लावावी तसे.
एकेक उघडत बसलो. कॉफी दोनदा झाली.
दोनशे सत्तावीस नंबरात सापडलं:
"२१ डिसेंबर. २३ सेंमी. वारा.
आजोबांचं भोक गोठलंय. नवीन पाडलं, पाच पावलं उजवीकडे."

"पाच पावलं," पिईराइनेन म्हणाले,
"कुणाची पावलं? त्याची का माझी?"
आणि पहिल्यांदा खुर्चीत बसले.

नऊ दिवस नाहीच मिळाले.
मी म्हटलं, आजूबाजूचे आकडे पाहून अंदाज घालता येईल.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी नऊ ओळी कोऱ्या सोडल्या.

निघताना टॉवेल गुंडाळत विचारलं,
"म्हणजे आता झोपवायचंच नाही याला?"
"एकट्याचं असेल तर झोपवा."
दाराशी थोडा वेळ उभे राहिले.
मग परत आले, झाकण उघडलं,
आणि पूर्ण बंद होईपर्यंत,
पंख्याचा शेवटचा आवाज थांबेपर्यंत,
तसेच ओणवे राहिले.