भट्टीचं तोंड

आमची खाडी जिथे समुद्रात सांडते
तिथे कायदा वर्षातून एकदा येतो,
तोही मोटरसायकलवरून,
मागे कर्णा बांधून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

यंदा तो बाईच्या रूपाने आला.
मिआत्ता तिचं नाव. पायात गमबूट,
आवाज असा की बोंगा निवडणाऱ्या बायकांनी
हातातले मासे तसेच धरून माना वळवल्या.

शाळेची बाकं बाहेर काढली. गोल मांडा, म्हणाली.
आम्ही गोल मांडायला गेलो, झालं अंडं;
मधे आंब्याचं मूळ येत होतं.
गावप्रमुखाने विचारलं, माझी खुर्ची कुठल्या टोकाला?
गोलाला टोक नसतं, बाबा.
तो बसला आमच्यात. उशी मात्र सोबत आणली.

आधी नाटक झालं.
शिंपी हवालदार झाला, डोक्यावर पामतेलाचं डबडं.
पोट पुढे काढून त्याने हात पसरला: जामिनाचे किती देतोस?
आम्ही हसून हसून बेजार.
मिआत्ताने कर्ण्यातून विचारलं, खरंच, किती?
कुणी म्हणालं पाचशे. कुणी म्हणालं, हवालदार बघून.
काही नाही, ती म्हणाली. जामीन फुकट असतो.

हसू तिथंच बसलं.
समोर ग्बेसे बोटं मोजू लागली:
दोन पातेली, सात कोंबड्या, लग्नातलं निळं वस्त्र.
तिच्या लहायला सोडवायला गेलेलं सगळं.
मी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले.
त्याला आतच ठेव म्हणून
त्याच हवालदाराला
मी अर्धी टोपली सुका मासा पोचवला होता.

मग वल्हं फिरलं.
ज्याच्या हाती वल्हं, त्याने बोलायचं,
बाकीच्यांनी गिळायचं.

लहायच्या हातात ते त्याच्याहून उंच दिसत होतं.
म्हणाला, याबोम मावशीने मला
वजनकाट्यापाशी चार माणसांत चोर म्हटलं.
मी चोर नव्हतो.
रात्री रॉकेल घेऊन गेलो तेव्हा झालो असेन.
पुढचं त्याला येईना. कुणी सुचवलंही नाही.
एक कुत्रं अंड्याच्या मधोमध येऊन झोपलं.

मिआत्ताने मला विचारलं नाही, काय शिक्षा हवी.
विचारलं, काय काय जळलं?
मी सांगत गेले: छप्पर, जाळ्या, चाळीस डझन बोंगा,
खारफुटीचं लाकूड, सावकाराचा माझ्यावरचा भरवसा.
आणि भट्टीची डावी भिंत.
तिच्या ओल्या मातीत माझ्या नवऱ्याने
गंमत म्हणून अंगठा दाबला होता,
ज्या साली तो होडीसकट परतला नाही त्याच्या आदल्या साली.
फोटो आम्ही कधी काढला नव्हता.

ग्बेसे रडली. मी नाही.
वल्हं अजून माझ्याच हातात होतं,
म्हणून मग ती अर्धी टोपलीही सांगून टाकली.
कुणी काही बोललं नाही. नियमच तसा होता.
असा नियम करणाऱ्याला मी मनातून शिव्या दिल्या.

ठरलं ते कागदावर आलं. वाचून दाखवलं, दोनदा.
लहायने भट्टी बांधायची, हंगाम संपेतो लाकूड आणायचं.
मी वजनकाट्यापाशी, त्याच चार माणसांत,
तो शब्द परत घ्यायचा.
मी घेतला. ताप आल्यावर कडू पाला घेतात, तसा.

त्याने भट्टी बांधली. नऊ दिवस लागले.
शेवटच्या दिवशी ओल्या भिंतीपाशी घुटमळला,
हात पुढे केला,
माझ्याकडे पाहिलं.
नको, म्हणाले मी. ती जागा रिकामी राहू दे.

पण भट्टीचं तोंड त्याने घराकडे ठेवलं, गाढवाने.
वारा समुद्राकडून येतो हे या किनाऱ्यावर
रांगत्या पोरालाही कळतं.
आता सगळा धूर माझ्या बिछान्यात.
ग्बेसे म्हणते, सांगू का त्याला, फिरवून देईल.
मी खोकते, डोळे पुसते.
कागदात तोंडाचं काही लिहिलेलं नाही, म्हणते.
सुका हंगाम येऊ दे,
मग बघू.