हलका माल

बाजारात हलका माल म्हणजे वाईट माल.
आमच्या केवेदोच्या गिरणीत उलटं आहे:
जेवढी फळी हलकी, तेवढा तिचा मान.
एकतीस वर्षं बाल्साच्या फळ्या तोलतोय मी.
तळहाताला आधी कळतं, काट्याला मागाहून.
अंगठ्याचं नख रुतवून बघायचं.
लोण्यात गेल्यासारखं गेलं तर निळा शिक्का,
अडलं तर लाल.
निळ्या फळ्या ग्वायाकिलच्या धक्क्याला जातात.
तिथून पुढे कुठे, कधी विचारलं नाही.

मला पासष्टावं लागलं म्हणून
येसेनियानं मुर्सियाहून खोकं पाठवलं.
बापाला खेळणं!
नकाशा, टाचण्या, अंगठ्याएवढी मोटर,
आणि कागदी पट्टीत बांधलेले
दीड मिलिमीटरचे पातळ तक्ते.
वास घेतला. एका कोपऱ्यात नख रुतवलं.
"निळा शिक्का," मी मोठ्यानं म्हणालो.
कुणाच्या हातून गेलं असेल हे?
तोलणारे आम्ही सात जण.
नार्सिसा म्हणाली, "लाकूड माहेरपणाला आलंय बघ,"
आणि लगेच भांडी घासायला उठली.

जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच.
नकाशावर मेणकागद, त्यावर फासळ्या,
डाव्या पंखाच्या अकरा, उजव्याच्या अकरा.
पहिल्याच दिवशी गोंदानं
माझी तर्जनी आणि सातवी फासळी एक केली.
शेजारच्या दार्विननं ब्लेडनं सोडवेपर्यंत
मी फासळीसकट घरभर हिंडलो.
मग पॉलिशपेपर. भुसा भातात, भुसा कॉफीत,
नार्सिसाच्या भुवयांवर भुसा.
"लग्नात एवढी पावडर लावली नव्हती मी."
पण पिवळी फिल्म चढवायची वेळ आली तेव्हा
तिनंच इस्त्री हिसकावली:
"कॉलर जमत नाही तुला, पंख काय जमणार?"
कडेपासून आत, कडेपासून आत,
एकेक सुरकुती जिरवत नेली तिनं.
पंखाला टिचकी मारली. बोलला.

शेवटी तोल.
पंखाखालच्या दोन खुणांवर दोन बोटं धरली
तर शेपूट खाली बसली.
नाकाला वजन हवं होतं.
जन्मभर हलकं शोधलेला मी
वजन शोधत कपाटं उचकत होतो.
खालच्या खणात सुक्रेची नाणी निघाली.
डॉलर आला तेव्हा बदलायची राहून गेलेली.
ज्या वर्षी ती चालेनाशी झाली
त्याच वर्षी येसेनिया विमानात बसली होती.
पाच नाणी नाकात भरली.
बाजारात न चाललेली, इथे चालली.
विमान बोटांवर सरळ थांबलं,
श्वास सोडला की डुलायचं.

रविवारी नदीकाठच्या फुटबॉलच्या मैदानावर
दार्विननं धावत जाऊन हात सोडला.
उडालं.
आजवर आम्हाला विमान म्हणजे
केळीवर औषध फवारणारं,
आलं की खिडक्या लावून घ्यायच्या.
हे माझं होतं, पिवळं,
आणि जाताना माझं सगळं ऐकत होतं,
डावं म्हटलं की डावं.
मग वळलं, माझ्याकडे तोंड केलं,
आणि डाव्याचं उजवं झालं.
दूर जाणाऱ्याला सांभाळायची सवय होती हातांना.
परत येणाऱ्याला उलटं समजून घ्यावं लागतं,
हे कळेपर्यंत
ते केळीत घुसलं होतं.

दोन फासळ्या मोडल्या. नाक फुटलं.
दार्विनला चार नाणी सापडली.
रात्री फोनवर येसेनियानं विचारलं, "उडालं?"
"एक मिनिट चाळीस सेकंद."
"एवढंच?"
"एवढं," मी म्हणालो.
मग बराच वेळ नार्सिसा तिला
इस्त्री किती गरम लागते ते सांगत बसली.

सोमवारी सुट्टी होताना
दोन ओल्मेदोला विचारून एक निळा तुकडा घेतला,
शर्टाच्या खिशात ठेवला.
फाटकावर रखवालदारानं चाचपलं,
त्याच्या हाताला काही लागलं नाही.
रस्त्यावर आल्यावर
मलाच दोनदा बघावं लागलं,
आहे ना.