दुसरी किल्ली

ठाकूरद्वारच्या शाखेत, तळघरात,
अकरा वर्षं दुसरी किल्ली माझ्याकडे होती.
आधी माझी फिरायची, मग त्यांची,
आणि लोखंडाचं बुटकं कवाड
कण्हत उघडायचं.
मी पाठ फिरवायचे. नियमच तसा.

म्हणून दागिने मला कळतात ते कानांनी.
पाटल्या पत्र्यावर ठेवल्या की भांडतात,
मोहनमाळ सरपटत जाते,
गुलाबी कागद दुमडताना
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलल्यासारखं वाटतं.
चिंचपेटी गप्प. मोती कधीच काही बोलत नाहीत.

आधी म्हणे हंडा असायचा, परसात पुरलेला;
मग भिंतीतला कोनाडा, वरून गिलावा;
मग तांदळाच्या डब्यात तळाशी पुरचुंडी,
सासूला ठाऊक, सुनेला नाही.
मग आम्ही.
नऊ इंची दार, भाडं आगाऊ,
वारसाचं नाव न विसरता भरा.

वरळीच्या धनूबाई नाखवा एकदाच आल्या चौकशीला.
फॉर्म हातात धरून, गळ्यातल्या पुतळ्या
खालीवर करत म्हणाल्या,
"पोरी, गिऱ्हाईक आधी माजा गला बघतं, मंग म्हावरं.
हितं कालोखात ठेवून त्याला बघील कोन?"
फॉर्मचा पंखा केला, वारा घेतला, गेल्या.

शशिकलाबाई त्रिलोकेकर मात्र दर महिन्याला.
दुसरा मंगळवार, साडेअकरा.
पेटी छातीशी धरून पडद्याआड जायच्या,
दहा मिनिटं.
"तन्मणी आहे," पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
"मोत्यांना अंग लागतं हो.
अंधारात ठेवले तर आधी पिवळे पडतात, मग मरतात."

पणजोबांनी घेतलेले. बसऱ्याचे. गलबतातून आलेले.
मोतीबाजारात रुमालाखाली
दलालाच्या बोटांना बोटं लावून भाव ठरला.
किती बोटं दाबली, ते घरात कुणालाच कळलं नाही,
पणजीलाही नाही.
भुलेश्वरच्या पटव्यानं ओवले,
दर मोत्यामागे रेशमाची एक गाठ:
तुटलं तर एकच निसटावा, सगळे नकोत.
हे सगळं त्या सांगायच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
दम खायला थांबल्यावर.

पडद्यामागून आवाज यायचा नाही.
मी म्हटलंच, मोती.
बाहेर यायच्या तेव्हा मान ताठ,
एक हात गळ्याशी.
तिथं तांबूस वळ आहे असं मला वाटायचं.
नीट पाहिलं नाही कधी.

मग मंगळवार रिकामे जाऊ लागले.
दोन वर्षं.
तीन पत्रं परत आली, शेवटच्यावर पोस्टमनची अक्षरं:
बिल्डिंग पाडली.

ड्रिलवाला आला, दोन साक्षीदार आले,
त्यातला एक समोरच्या दुकानातला फरसाणवाला,
हात पुसत.
पोलादाचा भुगा फरशीवर सांडला,
क्षणभर चांदीसारखा.

आत एक पावती, टाचणी गंजलेली.
शाई उडाली होती, सालातले दोन आकडे तेवढे उरलेले.
त्या साली मी चौथीत होते.
आणि जांभळ्या मखमलीची पेटी.
उघडली.
पदकापुरता खोल खळगा,
त्याच्या दोन्ही बाजूंना सरांच्या पन्हळी,
आणि तिथली मखमल पार झिजलेली,
खालचं जाडंभरडं कापड दिसेपर्यंत.
बोटानंच झिजते अशी.

पंचनाम्यात लिहिलं: रिकामी पेटी, नग एक.
"किंमत?" फरसाणवाल्यानं सही करता करता विचारलं.
त्या रकान्यात रेघ मारायची असते.
मी पेन धरून बसले.
साहेबांनी वरून हाक मारली, तेव्हा मारली.

घरी आल्यावर कपाटातून माझ्या कुड्या काढल्या.
लग्नातल्या. कापूस पिवळा पडला होता,
मोती अजून नाही. का हो, थोडे?
आरशासमोर गेले नाही,
तशाच घातल्या आणि मेथी निवडायला बसले.
डावीचं मळसूत्र काही केल्या फिरेना.
खोबरेल लावलं, थोडं थांबले,
पुन्हा फिरवून पाहिलं.