शहाऐंशी

पुस्तकात आहे : पाणी शंभर अंशांवर उकळतं.
पान बावीस. खाली चित्र, चित्रात निळी ज्योत
आणि एक मुलगा, ज्याच्या गालांना
कधी वारा चावलेला नाही.

आमच्याकडे पटांगणात तीन दगड,
लामाच्या वाळल्या लेंड्यांचा जाळ,
बुडाला काळं झालेलं पातेलं.
थर्मामीटर एकच. ओरुरोहून आणला,
मोज्यात गुंडाळून, सहा तास मांडीवर,
तान्ह्या लेकरासारखा.

रेनाल्दा आकडा वाचते, विल्मर लिहितो.
साठ. बहात्तर. ऐंशी.
तळाशी बारीक मणी सुटू लागतात,
मग आधण येतं, खळाखळा,
झाकण थडथडवत.
शहाऐंशी.

आणखी लेंड्या घातल्या. शहाऐंशी.
फुंकून फुंकून सेवेरिनोचे डोळे लाल. शहाऐंशी.
लाल रेघ लामासारखी बसकण मारून बसली :
ढकला, ओढा, शिव्या घाला.

“बाई, हा बिघडलाय,” विल्मर म्हणाला,
आणि वहीत, वळणदार अक्षरात,
लिहिलं : शंभर.

मी रागावले नाही.
परीक्षेत मीही हेच लिहिलं होतं,
याच गावची, याच वाऱ्यातली मी,
आणि दहापैकी दहा घेतले होते.

मग विल्मरच्याच मामाच्या ट्रकमधून
खालच्या रानातून चढून आलेला बिस्किटांचा पुडा
हातोहात फिरवला. टम्म फुगलेला.
“खाली हवेचा हात जड,” मी म्हटलं,
आणि झाकणावर तळवा दाबून दाखवला
(भाजला; मुलं हसली).
“इथे हात सैल.
पाणी पुरतं तापायच्या आधीच निसटतं.”

शेवटच्या रांगेतली सातुका
वर्षभरात पहिल्यांदा बोलली :
“म्हणून घेवडा शिजत नाही?”

तिची आई शाळेचं जेवण रांधते.
पहाटे तीनला चूल पेटवते,
आणि लोक म्हणतात, सरपण वाचवते बाई.
लोक म्हणजे आम्हीच.
मागच्या सभेत
मीच बोलले होते, उभी राहून.

विल्मरने शंभर खोडलं नाही.
शेजारी लिहिलं : पुस्तकाच्या गावात.
खाली लिहिलं : आमच्या गावात, ८६.

दुपारी ताटात घेवडा, दाताखाली कचकच.
कुणी चकार शब्द काढला नाही.
सातुका थर्मामीटर मोज्यात घालून
स्वयंपाकघरात घेऊन गेली, आईला दाखवायला.
शाळा सुटली तरी परत आणला नाही.

मी मागितला नाही.
दारात मात्र जाऊन उभी राहिले,
काय बोलावं ते जुळवत.
आत पाणी उकळत होतं.