खुंटी

दिगूमामा, ऊठ. सव्वासहा झालेत.
बाहेर आत्ताच चौतीस,
मत्रहकडून येणारी हवा ओल्या टॉवेलसारखी.
बाहेर नाहीच जायचं. मॉलमध्ये जाऊ,
दुकानं उघडायच्या आत, फुकटच्या गारव्यात.

तू भिंतीकडे तोंड फिरवतोस.
छातीशी ती उशी, खोकला आला की दाबायची,
एस.टी.त मांडीवरची पिशवी धरावी तशी घट्ट.
मामी सांगते, फुंकणीतले तीन निळे गोळे
काल एकदाही वर ओढले नाहीस.
म्हणालास, आता काय मोजायचं राहिलंय.

हे तू म्हणतोस?
सत्त्याऐंशी साली वादी कबीरच्या उन्हात
लेव्हलच्या काचेला डोळा लावून
अख्खा रस्ता उलटा पाहिलास तू,
माणसं डोक्यावर चालणारी,
तरी उतार बोटभर चुकला नाही.
मस्कतला पाऊस झाला की पाणी अजून
तू आखलेल्या वाटेनं जातं.
निदान तू तसं सांगतोस.

मी डॉक्टर नाही. मला एवढंच कळलं:
त्यांनी तुझ्या डाव्या पायातली
हातभर शीर काढून काळजाला लावली.
घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची ती शिवण
तूच दाखवलीस, पायजमा वर करून,
नवं बांधकाम दाखवावं तशी.
म्हणजे तुझ्या छातीत आता थोडा पाय आहे, मामा.
त्याला पलंगावर निजवून कसं चालेल?
काळजानं पायाकडून उसनं घेतलंय.
हप्ते चालूनच फेडायचे.
रागवू नकोस, बँकेत आहे मी, अशीच भाषा येते.

बूट मी घालते. वाकू नकोस.
हातांनी रेटू नकोस, मांड्यांनी ऊठ.
दोन किलोच्या वर उचलायचं नाही, मान्य.
तू स्वतः त्यात धरलेला नाहीस.

शटर खाली. काचेत उघडी प्लॅस्टिकची माणसं,
एकीला डोकं नाही, एकाला हात.
तिलक बहादूर खुर्चीतून उठून सलाम करतो,
त्याला सगळं माहीत आहे, मीच सांगितलं.
तू पहिल्याच बाकावर बसतोस.
झालं, म्हणतोस.

मग मी खोटं बोलते.
औषधाच्या दुकानापासून कारंज्यापर्यंत
बरोबर शंभर मीटर. मोजलेत मी.

तू मान वर करतोस.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट चिडतोस.
"शंभर? डोळे आहेत का भोकं?
सत्तर. फार तर बाहत्तर."
आणि उठतोस, हात न टेकता,
एकसारखी पावलं टाकत जातोस,
ओठांत आकडे.
मी मागे, श्वास मोजत.
तुझे की माझे, कळत नाही.

चाळिसाव्याला थांबतोस. हात छातीवर.
लादी पुसणारा पोरगाही मॉप उभा धरतो.
माझ्या पोटात लिफ्ट तुटते.
बोल ना, मामा.

तू खाली बघतोयस,
दोन लाद्यांमधल्या सांध्याकडे,
एक डोळा बारीक करून.
"उतार चुकलाय इथे."
जरा धाप. जरा अजून.
"आज इथवर. इथे खुंटी मार.
उद्या इथून पुढे. आणि टेप आण,
तुझ्या मोजण्याचा भरवसा नाही."

टेप नाहीये घरात.
मामीची शिवणाची आहे,
दीड मीटरची.