हिराकोरची मोहरी

माघ सरता सरता बोरीच्या पात्रात
पाणी उरत नाही, पिवळा धोत्रा उरतो.
शेळ्या त्याला हुंगून पुढे जातात.
पानांवर पांढऱ्या शिरा, शिरांच्या टोकांना काटे,
आणि या सगळ्या भांडखोर कारभारावर
पतंगाच्या कागदासारखं एक फूल,
दुपारच्या झुळकीलाही दबकणारं.
देवाला नाही, वेणीला नाही,
याला कुठूनच बोलावणं येत नाही.

अमळनेरात आमच्या गल्लीत
लोणच्याच्या दिवसांत हिराकोरबाईला मात्र
घरोघरून बोलावणं यायचं.
मोहरी निवडायची. किलोला आठ आणे, वर एक कैरी.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
तरी सूप मांडीवर घेऊन
चिमटीत दाणा फिरवत सांगायची,
"मोहरी गुयगुयीत ऱ्हास, भो.
धोतराना बीले खाचा ऱ्हातस."

ज्या वर्षी तिच्या सासऱ्याचे पाय सुजले,
बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा,
त्या वर्षापासून तिची बोटं जागी झाली होती.

वेगळं काढलेलं बी
ती तपकिरीच्या डबीत भरायची.
चुलीत टाक की, आई म्हणायची.
"तेबी बीच शे," एवढंच बोलून
डबी कनवटीला लावायची
आणि दिवेलागणीआधी नदीकडे निघायची.
मला वाटायचं, परसाकडे जाते.

ती गेली त्याच्या पुढच्या फाल्गुनात
पुलावर एस.टी. बंद पडली, आम्ही सगळे खाली उतरलो.
कठड्यावरून पाहिलं:
घाटाच्या मोडक्या पायरीपासून धुण्याच्या खडकापर्यंत
वाळूत पिवळा पट्टा.
रुंदी, म्हाताऱ्या हाताने
मूठ जेवढ्या लांब फेकता येईल तेवढी.

पात्रात उतरलो. देठ मोडला.
हळदीसारखा चीक बोटावर आला,
आणि आठवलं, चौथीत असताना
माझ्या मानेवरच्या गजकर्णाला
तिने हाच लावला होता, मला न विचारता.
मी दिवसभर बोंबलत होतो.

घरातून काढलं म्हणून
जगातून काढायचं नसतं,
असं ती कधी म्हणाली नाही. हे माझं.
तिला कदाचित डबी रिकामी हवी असेल, तपकिरीसाठी.

एक वाळकं बोंड, टोकाशी उकललेलं,
रुमालात न गुंडाळताच खिशात टाकलं.
घरी येऊन चाचपलं तर नुसती टरफलं.
बाहीवरचा पिवळा डाग बायकोने
दोनदा घासला, निघाला नाही.
मग खिसा उलटा करून
तिने भोक दाखवलं.